ओट्यावरचा फोन आणि न मालवणारे घड्याळ

प्रश्न : मी नाशिकमध्ये पोळी-भाजी केंद्र चालवते. सकाळी सहा ते अकरा माझे दोन्ही हात कणकेत असतात आणि फोन ओट्यावर डब्याला टेकवून उभा केलेला असतो. जुन्या फोनवर वेळ दिसत राहावी म्हणून पडदा दहा मिनिटांनी बंद होईल, अशी सोय मी करून ठेवली होती. तरीही तो विझला की करंगळीने टिचकी मारावी लागे आणि काच पिठाने भरे. नव्या गॅलॅक्सी फोनवर ‘ऑलवेज ऑन डिस्प्ले’ आहे, म्हणजे फोन वापरात नसतानाही काळ्या पडद्यावर घड्याळ दिसत राहते. मला ते फार सोयीचे वाटते. मुलगा मात्र म्हणतो, की बॅटरी लवकर संपेल आणि पडद्यावर घड्याळाचा कायमचा डाग पडेल. त्याचे ऐकावे का?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : आपल्या चिरंजीवांच्या दोन्ही शंका निराधार नाहीत, पण जेवढ्या सांगितल्या जातात तेवढ्या मोठ्याही नाहीत, आणि हात गुंतलेल्या माणसाला वेळ दिसावी, यासाठीच तर ही सोय आहे.

गॅलॅक्सी फोनवर ती मिळते, त्या अर्थी आपला पडदा ओलेड प्रकारचा आहे. या पडद्यातला प्रत्येक ठिपका स्वतःचा प्रकाश स्वतः देतो आणि काळा रंग दाखवायचा म्हणजे तो ठिपका चक्क विझवायचा असतो. त्यामुळे घड्याळ दिसते तेव्हा लाखो ठिपक्यांपैकी फक्त आकड्यांपुरते ठिपके, तेही मंद, पेटलेले असतात. सॅमसंगने २०१६ मध्ये गॅलॅक्सी एस ७ बरोबर ही सोय आणली, तेव्हा तासाला एक टक्क्याहून कमी बॅटरी लागेल असे सांगितले होते. कंपनीचा आकडा आहे म्हणून आपण पूर्ण एक टक्का धरू. आपल्या सकाळच्या पाच तासांचे पाच टक्के झाले. याउलट, घड्याळासाठी सगळा पडदा दहा-दहा मिनिटे उजळत ठेवण्याची जी आपली जुनी पद्धत होती, तिला याच्या कितीतरी पट वीज लागत असणार. मुलाने तेव्हाच हरकत घ्यायला हवी होती!

खरा अपव्यय होतो तो रात्री. आपण झोपलेल्या असताना आठ तास घड्याळ पेटते राहिले, तर ते पाहणारे कोणीच नसते, आणि उशाशी फोन असेल तर अंधाऱ्या खोलीत तेवढा उजेडही डोळ्यांना टोचतो. खिशात किंवा पर्समध्ये टाकलेला फोन सहसा आपणहून घड्याळ विझवतो, कारण समोर काही आड आल्याचे त्याच्या संवेदकाला कळते. उघड्या टेबलावरच्या फोनला मात्र मालकीण झोपली हे कळण्याचा मार्ग नाही. म्हणून लॉक स्क्रीनच्या सेटिंगमध्ये ही सोय ‘नेहमी’ अशी न ठेवता तिला वेळ ठरवून द्यावी. सकाळी साडेपाच ते साडेअकरा एवढी वेळ आपल्याला पुरेल.

बॅटरीच्या आयुष्याचा हिशेबही करून पाहू. रोज दहा टक्के जास्त खर्च झाले, तरी वर्षाकाठी ती सुमारे ३६ पूर्ण चार्जिंगची भर होते. बॅटरी शेकड्यांनी अशी आवर्तने झेलते. आयफोन १५ साठी ॲपलने १००० आवर्तनांनंतरही ८० टक्के क्षमता उरेल असे म्हटले आहे. म्हणजे झीज होते, पण तेवढ्यासाठी पिठाचे हात काचेला लावण्यात अर्थ नाही.

आता डागाविषयी. ओलेड ठिपक्यांतील सेंद्रिय पदार्थ वापराने म्हातारा होतो आणि प्रत्येक ठिपक्यातला निळा रंग देणारा भाग सर्वांत आधी थकतो, हे खरे आहे. दुकानात दिवसभर एकच जाहिरात दाखवत ठेवलेल्या नमुन्याच्या फोनवर तिची भुताटकीसारखी छाया उमटलेली आपण कदाचित पाहिली असेल. पण ही झीज प्रखरतेबरोबर वाढते. ऑलवेज ऑन डिस्प्लेचे घड्याळ मंद असते आणि शिवाय ते एका जागी बसत नाही, थोड्या थोड्या वेळाने किंचित सरकते. आपण फोनकडे दहा मिनिटे टक लावून पाहिले तर ते हलताना सापडेलही, पण तोवर तव्यावरची पोळी करपेल. डागाची भीती बाळगायचीच, तर भर उजेडात तासन्‌तास नकाशा किंवा ऑर्डरींचा पडदा उघडा ठेवणाऱ्यांनी बाळगावी.

एक सूचना. घड्याळाबरोबर संदेशांची चिन्हेही तिथे दिसतात. ती बंद करावीत असे माझे मत आहे. वेळ पाहून माणूस पुन्हा पोळपाटाकडे वळतो, पण हिरवे चिन्ह दिसले की हात धुवावेसे वाटतात.

प्रश्न : माझ्या स्वस्त फोनमध्ये ही सोय नव्हती, म्हणून एक ॲप घेऊन ती आणली. आता हॉस्टेलवर रात्री ठेवलेला फोन सकाळी अर्धा झालेला असतो. असे का?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपला पडदा बहुधा एलसीडी आहे. त्यात ठिपके स्वतः उजळत नाहीत, मागे दिवा असतो, आणि घड्याळाचे चार आकडे दाखवायचे तरी सगळा दिवा लावावा लागतो. एलजीने २०१६ च्या जी ५ या फोनमध्ये एलसीडीवरही हे जमवले होते, पण त्यासाठी मागच्या दिव्याचा थोडाच भाग लागेल अशी रचना मुळातच केली होती. ती किमया ॲपने होत नाही. खात्री करायची असेल तर खोलीत अंधार करून पूर्ण काळे चित्र उघडा. पडदा करडा, धुरकट दिसला तर ॲप काढून टाका.

प्रश्न : ठाण्यातील कार्यालयात माझा आयफोन टेबलावर असतो. पडदा मंद झाला तरी संदेश वाचता येतात. काल बँकेचा ओटीपी शेजारच्याने मला वाचून दाखवला!
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपला शेजारी सज्जन, म्हणून वाचून तरी दाखवला. २०२२ च्या आयफोन १४ प्रोपासून ॲपलने ही सोय दिली, पण नुसते घड्याळ न ठेवता चित्र आणि सूचनांसह सगळा लॉक स्क्रीनच मंद करून ठेवला. मला तो निर्णय तेव्हाही पटला नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या आयओएस १६.२ या आयफोनच्या प्रणालीपासून चित्र आणि सूचना या दोन्ही वेगवेगळ्या बंद करता येतात. ‘डिस्प्ले अँड ब्राइटनेस’मध्ये ‘ऑलवेज ऑन डिस्प्ले’ उघडून आधी सूचना बंद करा. पण तेवढ्याने भागणार नाही, कारण नवा संदेश येताच पडदा पूर्ण उजळतो आणि ओटीपी पुन्हा दिसतो. त्यासाठी ‘नोटिफिकेशन्स’मधील ‘शो प्रीव्ह्यूज’ या ठिकाणी ‘व्हेन अनलॉक्ड’ हा पर्याय निवडा, म्हणजे आपला चेहरा ओळखल्याशिवाय मजकूर उघडणार नाही. आणि आजच्यापुरते एवढे काही करायचे नसेल, तर फोन पालथा ठेवा. आयफोन तसा ठेवला की पडदा आपोआप विझतो.