पानाफुलांची विचारपूस : मंत्र म्हणण्याआधी झाड ओळखा

प्रश्न : मी 23 वर्षांची, डोंबिवलीची. विचक्राफ्टचे व्हिडिओ बघून मला त्याची ओढ लागली आहे. त्यात रोझमेरी, सेज, मगवर्ट जाळून किंवा पुरचुंडीत बांधून संकल्प करतात. मी सुरुवात कशाने करू? पांढऱ्या सेजची जुडी ऑनलाइन मिळते, ती मागवू का? आईच्या मते ही सगळी करणीच.

उत्तर : कुणाचं वाईट चिंतायचं नाही, एवढं आईला आधी कबूल कर, तिची निम्मी काळजी जाईल. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. पान जाळल्याने दुसऱ्याचं मन वळतं, यावर माझा विश्वास नाही. पण तिन्हीसांजेला धूप फिरवला की माझं घर निवांत होतं, आणि मनातलं काही मागताना हातात वासाचं, हिरवं असावं असं माणसाला सगळीकडेच वाटत आलं आहे. त्या वाटण्याचा मी मान राखते. फक्त झाड नीट ओळखल्याशिवाय ते जाळू नकोस, अंगाला लावू नकोस, तोंडात तर मुळीच घालू नकोस. हेतू कितीही निर्मळ असला तरी पानातलं रसायन आपलं काम करतंच.

रोझमेरीने सुरुवात कर. हे भूमध्य समुद्राकाठचं झुडूप, स्वयंपाकातही चालतं. आठवण राहावी म्हणून युरोपात लग्नात आणि अंत्ययात्रेतही तिच्या डहाळ्या बाळगत. व्हिडिओत ‘ही सूर्याची, ती शुक्राची’ असं सांगतात, त्यातलं बरंचसं निकोलस कल्पेपर या लंडनच्या वैद्याच्या ग्रंथात सापडतं. लॅटिन न येणाऱ्यांसाठी त्याने तो 1652 मध्ये इंग्रजीत काढला आणि एकेक वनस्पती एकेका ग्रहाच्या ताब्यात दिली. रोझमेरी सूर्याकडे गेली ती तिथे. हे त्या काळचं वैद्यकातलं ज्योतिष होतं, चेटकिणींचं गुपित नव्हे. कुंडीत लावलीस तर मातीत वाळू जास्त घाल आणि पावसाळ्यात कुंडी आडोशाला ठेव. आपल्याकडच्या पावसात तिची मुळं कुजतात.

पांढरा सेज मात्र मागवू नकोस, हे मी कळकळीने सांगते. तो दक्षिण कॅलिफोर्निया आणि लगतच्या मेक्सिकोतला. चुमाशसारख्या तिथल्या मूळ रहिवाशांना तो पवित्र आहे, ते तो हात राखून खुडतात. जगभर जुड्यांची मागणी वाढल्यापासून रानातली झुडपं चोरून, पोत्यांनी कापली जातात. त्याऐवजी गुग्गुळ जाळावा म्हणशील, तर त्याचीही तीच गत. राजस्थान-गुजरातेतली ती झाडं डिंकासाठी इतकी ओरबाडली गेली, की आज अतिसंकटग्रस्त यादीत आहेत. तुळशीच्या वाळक्या काड्या पुरेत. आणि मगवर्टसाठी झुरू नकोस, त्याच्याच वंशातला दवणा आपल्याकडे आहे! चैत्रात वाडी रत्नागिरीला जोतिबावर वाहतात तोच. एक जुडी सावलीत वाळव, सुती पुरचुंडीत बांध आणि उशाशी ठेव. जाळायचीही गरज नाही. काही जाळलंसच तर खिडकी उघडी हवी, आणि घरात दमेकरी असेल तर धूर नकोच.

आता ज्यांच्या वाटेला जायचं नाही ती. युरोपातल्या चेटकिणी अंगाला लेप लावून उडतात, अशी समजूत होती. त्या लेपांच्या जुन्या कृतींत बेलाडोना आणि हेनबेन येतात. दोन्हींतल्या विषाने भ्रम होतो, म्हणून उडाल्याचा भास. हेच हेनबेन आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात खुरासानी ओवा म्हणून मिळतं. नावावरून त्याला ओव्याचा भाऊबंद समजू नकोस, ते धोतऱ्याच्या कुळातलं आहे. धोतरा महादेवाला वाहावा आणि घरी येऊन हात धुवावेत. त्याचं बी, पान, धूर, काहीही शरीरात जाता कामा नये.

प्रश्न : माझं बाळ तीन महिन्यांचं आहे. दृष्ट लागू नये म्हणून काळ्या दोऱ्यात बिब्बा आणि मनगटात गुंजांचे मणी घालावेत, असा सासूबाईंचा आग्रह आहे. न्हाऊ घातल्यावर वेखंडाची धुरी असतेच. त्यांचं मन मोडवत नाही. (बार्शी)

उत्तर : मन मोडू नका, वस्तू बदला. बिब्ब्याच्या टरफलातला रस कातडीवर फोड आणतो. धोबी याच रसाने कपड्यांवर न धुपणारी खूण करत. तो बाळाच्या गळ्यात नकोच. गुंज त्याहून वाईट. अखंड बियांचं कवच टणक असतं, पण मण्यासाठी भोक पाडलं की आतल्या अ‍ॅब्रिन या विषाला वाट मिळते, आणि तीन महिन्यांचं मूल मनगट चोखणारच. वेखंडातल्या एका घटकामुळे अमेरिकेने 1968 मध्येच ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी केली. तेव्हा गुटीत ते उगाळण्याआधी डॉक्टरांना विचारा. कापरालाही बाळापासून दूर ठेवा. गिळला तर झटके येतात. धुरी बाळाला देऊच नका.

सासूबाईंना म्हणा, "आई, दृष्ट तुम्हीच काढा." मीठ-मोहरी आणि मिरच्या घेऊन त्यांनी "आल्यागेल्याची, पापी चांडाळाची" म्हणत बाळावरून उतरावं, काजळाची तीट पायाच्या तळव्याला लावावी. माझ्या नातवाची दृष्ट मीही अशीच काढते. मिरच्या फक्त बाळाच्या खोलीत जाळायच्या नाहीत, अंगणात न्यायच्या. आजीची काळजी त्या ओवाळण्यात असते, बाळापर्यंत ती तेवढ्यानेच पोचते.

प्रश्न : भाऊ दारूच्या आहारी गेला आहे. गावातल्या एका भगताने मुळीची पूड दिली, त्याला न सांगता जेवणात घालायला सांगितली. घालू का? (सावंतवाडी)

उत्तर : घालू नका. ती पूड आजच घरातल्या डब्यांपासून वेगळी ठेवा, बंद पिशवीत. कुठल्या झाडाची, किती द्यायची, काहीच ठाऊक नाही, आणि दारूने पोखरलेल्या यकृताला ती झेपेल याची हमी कुणी देणार नाही. माणसाला न कळवता जेवणात काही मिसळणं हा उतारा नव्हे, गुन्हा ठरू शकतो. शिवाय अघोरी प्रथा आणि जादूटोण्याविरुद्ध महाराष्ट्रात 2013 पासून कायदा आहे. त्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. भगताने धाक घातला किंवा दवाखान्यात जाऊ नका म्हटलं, तर सरळ पोलिसांत जा.

पूड आधीच दिली गेली असेल आणि तोंड कोरडं पडणं, बाहुल्या मोठ्या होणं, असंबद्ध बडबड असं काही दिसलं, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. उरलेली पूड बरोबर घेऊन थेट सरकारी रुग्णालय गाठा. डॉक्टरांना ती दाखवा, लपवू नका. आणि व्यसनासाठी पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून काम करतं आहे, तिथे चौकशी करा. भाऊ यायला तयार नसला, तरी पहिल्यांदा तुम्ही एकट्या जाऊन बोलून या.