चोर बाजारात पितळी कर्ण्याचा 'एचएमव्ही' ग्रामोफोन पाहिला. मोटार आणि साउंडबॉक्स ओरिजिनल आहेत म्हणतात. घ्यावा का?

आठकोनी नक्षीदार पेटी, लखलखणारा पितळी कर्णा, पुढे कुत्र्याची भलीमोठी पितळी पट्टी आणि '1905 चा पीस आहे' असं ठासून सांगणारा दुकानदार, एवढ्या वर्णनावरच मी म्हणेन की विसार देऊ नका.

गंमत म्हणजे मोटारीबाबत दुकानदार खरं बोलत असण्याची दाट शक्यता आहे. मोटार (म्हणजे चावी देऊन चालणारं स्प्रिंगचं यंत्र) खरंच एचएमव्हीची असते, साउंडबॉक्सही (सुई बसवलेली, आवाज काढणारी डबी) असतो. फक्त ते 1930 नंतरच्या सुटकेसवजा पोर्टेबल ग्रामोफोनमधून काढलेले असतात. कर्णा, पेटी आणि पट्टी मात्र परवाची. चांगली वाजती पोर्टेबल मशीन फोडून हे असले शोभेचे पीस बनवतात, याचा मला फार राग येतो.

म्हणून 'पार्ट ओरिजिनल आहे का' एवढंच विचारून भागत नाही. तो याच पेटीसाठी बनला होता का, ते बघा. त्यासाठी टर्नटेबल, म्हणजे तबकडी ठेवायची फिरती थाळी, उतरवायला सांगा, बहुतेक मशीनमध्ये तो सरळ वर उचलला की निघतो. खालची फळी टॉर्च लावून नीट पाहा. मोटार मूळची असेल तर तिच्या स्क्रूंची भोकं स्वच्छ असतात आणि भोवती जुन्या तेलाचा काळपट डाग लाकडात मुरलेला असतो. आजूबाजूला बुजवलेली किंवा रिकामी भोकं, पटाशीने ओबडधोबड वाढवलेली खाच, किंवा आतून कोरं पांढरं लाकूड दिसलं तर समजून जा. स्क्रूही बघा. फुलीची खाच असलेले स्क्रू 1930 च्या दशकाच्या मध्यानंतर बाजारात आले. 1905 च्या मशीनमध्ये सगळे एकाच सरळ खाचेचे हवेत. एखादा नंतर बदललेला असू शकतो, सगळेच कसे असतील?

मग साउंडबॉक्स. जुन्या 'एक्झिबिशन' साउंडबॉक्सचा पडदा अभ्रकाचा असतो, काचेसारखा पारदर्शक. एचएमव्हीच्या 5ए आणि 5बी मध्ये तो ॲल्युमिनियमचा आहे, आणि हे दोन्ही 1925 साली विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झाल्यानंतरचे. '1905' च्या मशीनवर धातूचा पडदा दिसला तर तारीख तिथेच खोटी ठरते.

टोनआर्म, म्हणजे साउंडबॉक्स धरणारी नळी, हलक्या हाताने आत फिरवा. सुई मधल्या खुंटीच्या आसपास पोहोचायला हवी. जोडकाम केलेल्या मशीनमध्ये ती बरीच अलीकडे अडते किंवा खुंटी ओलांडून भलतीकडे जाते, आणि आर्म अडखळत फिरतो. अशा मशीनवर जुनी लाखेची तबकडी लावलीत तर तिचे खाचे गेलेच म्हणून समजा.

कुत्र्याबद्दल थोडं. ग्रामोफोनसमोर बसलेल्या कुत्र्याचं ते चित्र ग्रामोफोन कंपनीने, म्हणजे एचएमव्हीच्याच मालक कंपनीने, 1899 मध्येच विकत घेतलं होतं, पण तिच्या तबकड्यांच्या लेबलवर तेव्हा देवदूत असायचा. कुत्रा तिथे 1909 च्या सुमारास आला. म्हणून नुसत्या पट्टीवर निकाल देता येत नाही. पट्टी जितकी मोठी आणि चकचकीत, तितका माझा संशय मात्र वाढतो. आठकोनी पेटीची अस्सल एचएमव्ही तर मी एकही पाहिलेली नाही.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर चांगली वस्तू हातची घालवाल. स्प्रिंग, साउंडबॉक्समधली रबरी रिंग, टर्नटेबलवरचं कापड, तडकलेला अभ्रक हे सगळं झिजणारं सामान आहे. ते बदललेलं असेल तर मशीन नकली होत नाही. पेटीवर एचएमव्हीचं नाव नसेल आणि मोटार थोरेन्स किंवा पायार या स्विस कंपन्यांची निघाली तरी लगेच नाक मुरडू नका. या मोटारी त्या काळी अनेक दुय्यम ब्रँडमध्ये मूळच्याच असत.

गाणी ऐकायची हौस असेल तर कर्ण्याचा नाद सोडा आणि न फोडलेला एचएमव्ही 102 शोधा. हे पोर्टेबल मॉडेल 1931 मध्ये आलं आणि पन्नासच्या दशकातही निघत होतं, त्यामुळे ते अजून मिळतं. कर्णा पेटीच्या आतच असतो, आवाज खणखणीत. सुई मात्र तबकडीच्या दर बाजूला नवी घाला. दिवाणखान्यात नुसतं मांडायचं असेल तर आठकोनीही घ्या, पण भाव शोपीसचा द्या. आणि दुकानदार टर्नटेबल काढूनच देत नसेल तर पुढे बोलणीही करू नका.