तयार साधने असताना कन्सेन्सस अल्गोरिदम (अनेक सर्व्हरचे एकाच नोंदीवर एकमत घडवणाऱ्या पद्धती) शिकायचेच कशाला? आणि शिकायचे तर त्यांपैकी आधी राफ्ट की पॅक्सॉस?

आधी राफ्ट, पॅक्सॉस नंतर. आपल्या प्रश्नाचा हा भाग एवढ्यात संपतो. एटसीडी किंवा झूकीपर यांसारखी असे एकमत सांभाळणारी साधने हाताशी असताना अल्गोरिदम समजून घेण्याची गरज काय, हा उरलेला भाग मात्र मला गप्प बसू देत नाही, कारण हाच युक्तिवाद पूर्वीच्या एका नोकरीत आमच्या आर्किटेक्टनी माझ्यापुढे अनेकदा केला होता.

तिथे तीन सर्व्हरचा एक क्लस्टर (एकत्र चालणारा गट) होता आणि कोणते काम कोणत्या वर्करकडे, म्हणजे काम करणाऱ्या प्रोग्रॅमकडे, आहे याची लॉक्स (एका वेळी एकालाच मिळणारा ताबा) त्यात ठेवलेली असत. वेग कमी पडतो म्हणून, नोंद डिस्कवर पक्की उतरेपर्यंत थांबण्याचे सेटिंग बंद करायचे ठरले. ‘तीन ठिकाणी प्रती आहेत, मग डिस्कसाठी कशाला थांबायचे?’ असे आर्किटेक्टचे म्हणणे होते. मी बैठकीत हरकत घेतली. ती पुस्तकी म्हणून बाजूला सारली गेली.

पुढे जे झाले ते क्रमाने सांगते. ‘अ’ हा लीडर, म्हणजे नोंदी स्वीकारून इतरांकडे पाठवणारा सर्व्हर होता. एक लॉक पहिल्या वर्करला दिल्याची नोंद त्याने केली, ‘ब’ने ती मिळाल्याचे कळवले आणि ‘क’ त्या वेळी मागे पडलेला होता. तिघांपैकी दोघांकडे नोंद आहे, म्हणजे बहुमत झाले, म्हणून वर्करला होकार गेला. तेवढ्यात ‘ब’ची वीज गेली. नोंद अजून मेमरीतच असल्यामुळे ‘ब’ पुन्हा सुरू झाला तो तिच्याविनाच. त्याच बिघाडात ‘अ’चा इतरांशी संपर्क तुटला. उरलेल्या ‘ब’ आणि ‘क’ने अगदी नियमानुसार नवा लीडर निवडला आणि त्याने तेच लॉक दुसऱ्या वर्करला देऊन टाकले. दोन वर्कर एकाच डेटावर लिहीत राहिले आणि तो डेटा आम्हाला हाताने दुरुस्त करावा लागला.

साधनात बग आहे, असा निष्कर्ष आर्किटेक्टनी काढला. तो साफ चुकीचा होता. कोणत्याही दोन बहुमतांमध्ये किमान एक सर्व्हर सामाईक असतो, या गोष्टीवर राफ्टची सगळी सुरक्षितता उभी आहे. इथे तो सामाईक सर्व्हर ‘ब’ होता आणि त्यालाच विसरण्याची मुभा दिलेली होती. दिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांच्या २०१४ च्या शोधनिबंधात, दुसऱ्या आकृतीत, स्पष्ट लिहिले आहे की चालू टर्म (लीडरच्या कारकिर्दीचा क्रमांक), लीडरच्या निवडणुकीत दिलेले मत आणि लॉग (नोंदींची क्रमवार यादी) या तिन्ही गोष्टी उत्तर पाठवण्यापूर्वी टिकाऊ साठ्यावर उतरल्या पाहिजेत.

तेव्हा तो निबंध वाचा आणि लगेच कोड लिहायला घ्या. नुसते व्हिडिओ पाहून हा विषय कळत नाही. एमआयटीच्या अभ्यासक्रमातील गो भाषेतली राफ्टची प्रात्यक्षिके सर्वांना खुली आहेत. त्यांच्या चाचण्या मुद्दाम नेटवर्क तोडतात, संदेश गाळतात, सर्व्हर पाडतात. जुन्या टर्ममधली नोंद बहुसंख्य सर्व्हरवर पोहोचली तरी नवा लीडर केवळ प्रती मोजून ती पक्की धरू शकत नाही, हा नियम नुसता वाचून पटत नाही, स्वतःचा कोड त्यावर अडला की पटतो. पॅक्सॉससाठी लेस्ली लॅम्पोर्ट यांचा १९९८ चा मूळ निबंध बाजूला ठेवून २००१ चा सोपा निबंध घ्या.

अर्थात, स्वतः लिहिलेला राफ्ट प्रत्यक्ष कामात वापरू नये. तिथे तयार साधनच हवे. हे दोन्ही अल्गोरिदम सर्व्हर बंद पडतील एवढेच गृहीत धरतात, ते खोटे बोलतील असे नाही. शिवाय पुष्कळ अॅप्लिकेशनना कन्सेन्सस लागतच नाही, एक चांगला डेटाबेस पुरतो. पण साधन तयार आहे म्हणून ते समजून घ्यायला नको, असे यातून निघत नाही. सर्व्हर चार ठेवायचे की पाच (चारांतही एकच पडलेला चालतो, पाचांत दोन), वाचन लीडरकडूनच करायचे की कुठूनही, डिस्कसाठी थांबायचे की नाही, हे साधन ठरवत नाही, आपण ठरवतो. लिहिण्याचा वेगच हवा असेल तर अनेक नोंदी एकत्र करून एकदाच डिस्कवर उतरवता येतात, आणि हा उपाय मी त्याच बैठकीत मांडला होता.