क्योतोमध्ये काइसेकी, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या अनेक पदार्थांचे पारंपरिक जपानी जेवण, कुठे घ्यावे, आणि शाकाहारी माणसाला ते तिथे गेल्यावर बदलून मिळते का?

ऐनवेळी बदलून मिळत नाही, आणि मिळावे अशी अपेक्षाही धरू नये. इतक्या ठामपणे लिहितो आहे, कारण हाच प्रश्न आमच्या घरात कित्येक वर्षे वादाचा विषय होऊन बसला आहे.

एका जुलैमध्ये मी, पत्नी, बहीण आणि मेहुणे असे चौघे गिओन भागातील एका लहान उपाहारगृहात जेवायला गेलो होतो. आमच्या समोरच आचारी हामो हा अतिशय काटेरी मासा चिरत होता. खालची कातडी तुटू न देता तो जड सुरीने इतक्या जवळजवळ चिरा देत होता, की काटे तुटल्याची बारीक करकर आम्हाला स्पष्ट ऐकू येत होती. तेवढ्यात मेहुण्यांनी आपण मासे खात नसल्याचे सांगितले. जागा राखून ठेवताना तशी विचारणा झाली होती, पण ‘तिथे गेल्यावर सांगू’ म्हणून त्यांनी ती टाळली होती. आचाऱ्याने सुरी खाली ठेवली, आत जाऊन आला आणि वाकून म्हणाला, की जवळजवळ प्रत्येक पदार्थात दाशी आहे. कोंबू हे समुद्रशेवाळ आणि वाळवून किसलेला बोनिटो मासा यांचा अर्क म्हणजे दाशी. झाकणाच्या वाडग्यातले सार आणि शिजवलेल्या भाज्या तिच्यावरच उभ्या असतात. त्यातून मासा काढा म्हणणे म्हणजे वरणातून डाळ काढा म्हणण्यासारखे आहे. मेहुण्यांच्या वाट्याला भात, लोणचे आणि शेवटचे फळ आले, पैसे मात्र पूर्ण द्यावे लागले.

पैसे मोजणाऱ्याला हवे ते मिळालेच पाहिजे, असे ते आजही म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. तिथे मोजक्या पाहुण्यांसाठी त्या ऋतूचा ठरलेला बेत असतो, आणि कोंबू व वाळलेल्या शिताके अळंब्यांची शाकाहारी दाशी करायची तर ती सहसा रात्रभर भिजत ठेवतात. आपल्याकडेही उपवास असलेला पाहुणा आदल्या दिवशी कळवतो, पानावर बसल्यावर सांगत नाही.

आता जागांविषयी. नावाजलेल्या ठिकाणी रात्रीच्या जेवणाला माणशी वीस-तीस हजार येन सहज लागतात, दुपारचे बरेच स्वस्त पडते. पारंपरिक र्‍योकानमध्ये, म्हणजे जपानी निवासगृहात, उतरलात, तर बहुधा रात्रीचे जेवण राहण्याच्या दरातच असते. शाकाहारी असाल, तर काइसेकीचा हट्ट सोडून शोजिन हे बौद्ध मठांतील जेवण घ्यावे: क्योतोतल्याच आराशियामा भागातील तेन्‌र्‍यूजी मंदिरातील शिगेत्सु येथे दुपारी, किंवा कोयासान या बौद्ध मंदिरांच्या डोंगरावर मुक्काम करून. तिथे सुमारे पन्नास मंदिरांत राहण्याची सोय आहे आणि जेवणात कांदा-लसूणही नसतो. आधी कळवल्यास काही काइसेकी आचारी शाकाहारी बेत करतात, हेही खरे. मात्र नुसते ‘शाकाहारी’ न म्हणता ‘माशाची दाशीही नको’ असे लेखी सांगावे, कारण तिथे अनेकांच्या लेखी दाशी म्हणजे मासा नव्हे.

गिओननंतर दोन दिवसांनी आम्ही कोयासानलाच होतो. तिळाचे वाटण आणि कुझू या वेलीच्या मुळांचे सत्त्व घोटून केलेला गोमा-दोफू मेहुण्यांनी मागून घेऊन खाल्ला आणि म्हणाले, “बघा, मनात आणले तर यांना जमते.” मी त्यांना तेव्हाही सांगितले आणि आजही सांगतो, की तिथे कुणालाच आपला स्वयंपाक आमच्यासाठी बदलावा लागला नव्हता.