मिश्पाखा म्हणजे गोत्र? अजिबात नाही!

प्रश्न आलाय की प्राचीन इस्राएली लोकांच्या 'मिश्पाखा' आणि 'शेवेट' या समाजगटांच्या हिब्रू नावांपैकी मिश्पाखाला मराठीत गोत्र म्हणावं का आणि शेवेटला टोळी. टोळी? अहो टोळी दरोडेखोरांची असते! 'इस्राएलच्या बारा टोळ्या' ऐकून कान किटलेत. मराठी बायबलात वंश, कुळ, घराणं अशी चांगली उतरंड आहे ती वापरा की, शेवेटला वंश, मिश्पाखाला कुळ. मोशेनंतरचा इस्राएलचा पुढारी यहोशवा चोर शोधतो तोही असाच खाली उतरत, आधी यहूदा वंश, मग जेरहाचं कुळ, मग जब्दीचं घराणं आणि शेवटी आखान सापडतो.

पण खरी मजा पुढे आहे. शेवेट म्हणजे मुळात काठी! वंशासाठी हिब्रूत दुसरा शब्द आहे मत्ते, तोही काठीच. आणि आपला 'वंश'? संस्कृतात वंश म्हणजे बांबू, त्यातूनच बासरीची वंशी आली आणि घराचे वासेसुद्धा. म्हणजे भाषांतरकाराने काठीसाठी काठीच ठेवली, कळून की नकळत ते देव जाणे.

आता वंशाला काठी का म्हणायचं? काही पंडित म्हणतात मत्ते म्हणजे फांदी, झाडाला फांद्या तसे बापाला वंश. बायबलातल्या यहेज्केलाच्या पुस्तकात वेलीच्या फांद्यांना मत्ते म्हटलंय खरं, पण मग शेवेटचं काय करणार? तो तर मेंढपाळाचा सोटा, राजाचा दंड! माझं ठाम मत आहे की ही मुखियाची मानाची काठी, जोतिबाच्या यात्रेत गावोगावच्या सासनकाठ्या येतात ना, काठी आली म्हणजे गाव आलं, तसं. बायबलातल्या 'गणना' या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात तर पुरावाच आहे, मोशे प्रत्येक सरदाराची काठी मागवतो, तिच्यावर त्याचं नाव लिहितो, लेवी वंशाच्या काठीवर स्वतःच्या भावाचं, अहरोनाचं, आणि दुसऱ्या दिवशी अहरोनाच्या काठीला कळ्या, फुलं, बदाम! फांदीवाल्यांनी यावर खूश होऊ नये, वाळकी काठी होती म्हणूनच तो चमत्कार.

हां, गोत्र राहिलंच. सगोत्र लग्न आपल्याकडे रूढीने चालत नाही, तिकडे उलट. सलाफहाद नावाच्या इस्राएली माणसाला मुलगा नव्हता म्हणून जमीन पाच मुलींना मिळाली, पण अट घातली की लग्न बापाच्या वंशातल्या कुळातच करायचं, जमीन बाहेर जायला नको, मग पाचही जणींनी चुलत भावांशीच लग्नं केली. आणि गणनाच्या २६व्या अध्यायातल्या मोजणीत दानाच्या वंशात कुळ एकच, शूहामाचं, लढाईजोगे पुरुष ६४,४००. मिश्पाखाला गोत्र म्हणाल तर एवढ्या सगळ्यांना स्वतःच्या वंशात एक बायको मिळायची नाही!