नेदरलँड्समधल्या बुर्टांगे या ताऱ्याच्या आकाराच्या चिमुकल्या गावाचा इतिहास काय?

हे गाव म्हणजे मुळात ग्रोनिंगन शहराची रसद तोडायला बांधलेला किल्ला. डच लोकांचं स्पेनविरुद्ध बंड चालू असताना 1580 साली ग्रोनिंगन स्पेनच्या बाजूला गेलं. तिथून जर्मनीकडे जाणारी वाट विस्तीर्ण दलदलीतल्या एका वाळूच्या उंचवट्यावरून जात होती. ती अडवायची म्हणून बंडाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंजने इथे किल्ल्याचा हुकूम दिला. काम मात्र 1593 मध्ये, त्याच्या खुनानंतर नऊ वर्षांनी पुरं झालं. पुढच्याच वर्षी ग्रोनिंगन डचांच्या हाती पडलं.

आकार शोभेसाठी नाही. पाच कोपऱ्यांना पुढे आलेले बुरूज आहेत आणि प्रत्येक बुरुजावरून शेजारच्या बुरुजाच्या पायथ्यापर्यंत मारा करता येतो, त्यामुळे शत्रूला लपायला जागाच उरत नाही. तट दगडी नाहीत, मातीचे आहेत. तोफगोळा त्यात रुतून बसतो. आतले रस्ते मधल्या चौकातून निघून थेट तटाकडे जातात, म्हणजे शिपाई झटकन मोर्चावर पोचत.

1672 मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टरचा राज्यकर्ता असलेल्या बिशपचं सैन्य चालून आलं. किल्लेदाराला 2 लाख गिल्डरची (जुनं डच चलन) लाच देऊ केली होती असं सांगतात. किल्ला काही पडला नाही. मला हा सगळ्यात अभिमानास्पद प्रसंग वाटतो.

1851 मध्ये किल्ला लष्करातून निघाला. तट सपाट झाले, खंदक बुजले, शेतकऱ्यांचं गाव उरलं. आज दिसतो तो 1967 ते 1992 दरम्यान 1742 च्या रूपात पुन्हा उभारलेला किल्ला. खंदकावर काढलेले लाकडी संडाससुद्धा पुन्हा बांधलेत!