आडनाव दिवेकर, म्हणून मूळ ज्यू असेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर चित्पावन, आडनाव दिवेकर, मूळ गाव दिवेआगर असं वडीलधारे सांगतात. अलिबागकडच्या बेने इस्रायलींमध्येही, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंमध्येही, दिवेकर आहेत हे तुम्हाला अलीकडे कळलं. त्यातच भावाने घरबसल्या केलेल्या डीएनए चाचणीत 'पश्चिम आशिया' असा थोडा टक्का निघाला. तर आपण मुळात ज्यू होतो का?

तुम्ही जे सांगितलंत त्यातल्या कशावरूनही तसं ठरत नाही. मी मोडी वाचतो, लोकांच्या वंशावळी जुळवून देतो, त्यामुळे हाच प्रश्न वेगवेगळी आडनावं घेऊन माझ्याकडे येत असतो. आडनाव आणि रक्त या दोन गोष्टी आधी वेगळ्या करून पाहू.

कोकणातलं 'कर' लावलेलं आडनाव म्हणजे गावाचा पत्ता. पेणहून आला तो पेणकर, आवासचा तो आवासकर. गाव सोडून बाहेर पडलेल्या माणसाला दुसऱ्या गावात ही ओळख चिकटे, मग तो ब्राह्मण असो, भंडारी असो की बेने इस्रायली. शिवाय दिवे नावाचं गाव एकच नाही. श्रीवर्धनकडचं दिवेआगर आहे, भिवंडीजवळ दिवे-अंजूर आहे, पुण्याहून सासवडला जाताना घाट चढलात की आणखी एक दिवे लागतं. त्यामुळे सगळे दिवेकर मुळात एका गावचे होते असंही धरता येत नाही, मग एका रक्ताचे कुठून?

आडनाव नेमाने लिहायची पद्धतही आपल्याकडे फार जुनी नाही. जुन्या कोतवाल बुकाचं पान उघडून बघा, म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद. मोडीत 'राघो बिन विठू', म्हणजे विठूचा मुलगा राघो, एवढंच लिहिलेलं असतं, पुढे जात, मृत्यूची नोंद असेल तर कारण, आणि संपलं. ओळीमागून ओळ अशीच जाते, आडनावाचा पत्ता नसतो. त्याच घरातला नातू शाळेत जातो तेव्हा दाखल्यावर आडनाव दिसायला लागतं. असं कागद बघताना वारंवार दिसतं. म्हणून 'आमचं आडनाव हजार वर्षांचं' असं कुणी म्हणालं की मी आधी कागद मागतो.

आता बेने इस्रायली. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरलं. ती दफनभूमी आणि तिथला स्मृतिस्तंभ आजही आहे, अलिबागला गेलात तर जरूर बघून या. वाचलेले लोक आसपासच्या गावांत पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. भाषा मराठी झाली, नावंही मराठी वळणाची झाली. उरलं ते शनिवारचं पाळणं, सुंता, खाण्यातले काही नियम आणि 'शेमा इस्रायल' ही प्रार्थना. एवढ्याशा धाग्यावर त्यांनी शतकानुशतकं आपली ओळख टिकवली, याचा मला मनापासून आदर वाटतो.

त्यांच्यातले सर्वांत प्रसिद्ध दिवेकर म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर. कंपनी सरकारच्या फौजेत होते. टिपूच्या कैदेत सापडले आणि तिथून सुटले, त्या सुटकेच्या कृतज्ञतेने त्यांनी १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं, असं सांगतात. मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्याच प्रार्थनामंदिरावरून पडलं असंही म्हणतात. आणि दुसरीकडे शिवभारताची, म्हणजे शिवाजी महाराजांवरच्या संस्कृत काव्याची, संहिता संपादित करणारे इतिहाससंशोधक स. म. दिवेकरही दिवेकरच. दोघांना जोडणारी गोष्ट आडनावापलीकडे काही नाही.

ज्यू मुळाची कल्पना बहुधा तुमच्यापर्यंत आकड्यामुळे पोचली असावी. सात पुरुष, सात बायका मिळून चौदा. आणि चित्पावनांच्या कथेत परशुरामाने समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेतं चितेवर शुद्ध करून जिवंत केली. दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे चौदा, दोन्हीकडे एकच किनारपट्टी. एवढ्यावरून 'चित्पावन म्हणजे ज्यूच' असं ठोकून देणारे लेख इंटरनेटवर भरपूर फिरतात. शेजारी राहणारे समाज एकमेकांच्या कथा उचलतात, त्यामुळे दोन कथांचा एकमेकींशी संबंध असणं शक्य आहे. पण कथेचं नातं म्हणजे रक्ताचं नातं नाही, आणि ते कथेवरून सिद्धही होत नाही.

रक्ताचं काय दिसतं? बेने इस्रायलींवर २०१६ साली एक चांगला जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात समाजातल्या १८ जणांचा संपूर्ण जनुकीय नकाशाच्या पातळीवर विचार केला आणि इतर ज्यू, भारतीय व पाकिस्तानी समाजांशी तुलना केली. निष्कर्ष असा की त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा वाटा भरीव आहे आणि भारतीय वाटाही तितकाच भरीव आहे. ज्यू वाटा पुरुषांकडून जास्त आला, स्थानिक वाटा स्त्रियांकडून. म्हणजे बाहेरून आलेल्या पुरुषांनी कोकणातल्या बायकांशी संसार थाटले. हे मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झालं. पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरली तर पाचशे ते हजार वर्षं. त्यानंतर लोकसंख्या फार आटली आणि समाज आपसातच लग्नं करत राहिला.

इथे एक गफलत नेहमी होते. हा काळ मिश्रणाचा आहे, आगमनाचा नव्हे. त्यांच्यातले इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर (किहीम गावचे म्हणून केहीमकर) पूर्वजांचं येणं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापर्यंत मागे नेतात. जनुकांवरून ते खरं किंवा खोटं ठरत नाही, कारण माणसं आली कधी आणि इथल्यांत मिसळली कधी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मग भावाच्या अहवालातला 'पश्चिम आशिया'? तो पाहून लगेच जेरुसलेमला पोचू नका. आपण जवळजवळ सगळेच भारतीय कमीअधिक प्रमाणात प्राचीन इराणकडच्या लोकांशी नातं असलेल्या वंशाचं आणि इथल्या मूळ शिकारी लोकांचं मिश्रण आहोत. २०१३ च्या एका अभ्यासाने भारतातल्या मोठ्या मिश्रणाचा काळ साधारण १९०० ते ४२०० वर्षांपूर्वीचा काढला आहे. हा जुना वाटा चाचणी करणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात कधी 'मध्य आशिया' म्हणून दिसतो, कधी 'पश्चिम आशिया', कधी 'इराण'. कंपनीकडे तुलनेला कोणत्या समाजांचे नमुने आहेत यावर ती नावं ठरतात. नमुने वाढले की अहवाल बदलतो, हे भावाला सांगा. काही महिन्यांनी त्याने तेच पान उघडलं तर टक्के हललेले दिसू शकतात.

आडनावाबरोबर चालणारी जनुकीय गोष्ट एकच, बापाकडून मुलाला मिळणारं वाय गुणसूत्र. इंग्लंडमध्ये ही सांगड थोडीफार दिसते. २००० साली साइक्स आडनावाच्या, एकमेकांना अनोळखी ४८ पुरुषांची तपासणी झाली, तेव्हा जवळजवळ ४४ टक्क्यांचं वाय गुणसूत्र एकाच प्रकारचं निघालं. एका जुन्या, बापाकडून मुलाकडे चालत आलेल्या आडनावाची ही स्थिती. आपल्याकडे गावावरून पडलेल्या आडनावात, तेही जातीजातींत वाटलेल्या, इतकं साम्य अपेक्षित धरू नये. आणि वाय गुणसूत्र म्हणजे फक्त बापाचा बाप, त्याचा बाप. दहा पिढ्या मागे तुमचे १०२४ पूर्वज होतात, त्यातल्या एकाची ती खूण.

तरी खात्री हवीच असेल तर टक्केवारीच्या तक्त्यावर पैसे घालवू नका. भावाने वाय गुणसूत्राची सखोल चाचणी करावी, आणि त्याची तुलना बेने इस्रायली दिवेकरांपैकी कुणी स्वेच्छेने केलेल्या चाचणीशी व्हावी. दोघांच्या वाय गुणसूत्राच्या खुणा तंतोतंत जुळल्या तर पितृकुळ एक. नुसता 'जे२' असा वाय गुणसूत्राचा गट आला म्हणून ज्यू ठरत नाही. हा गट भारतात सगळीकडे, कितीतरी जातींत सापडतो.

मात्र त्या समाजातल्या कुणाला गाठणार असाल तर आधी थोडी आठवण ठेवा. इस्रायलमध्ये गेल्यावर यांना लग्नाच्या वेळी 'तुम्ही खरे ज्यू आहात का' असं विचारलं गेलं, वंश तपासायच्या अटी आल्या. लोकांनी निदर्शनं केली, आणि अखेर १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता दिली. हा अपमान पचवलेल्या कुटुंबाला रक्ताचा नमुना मागताना कसं मागायचं ते तुम्हीच ठरवा. मी असतो तर आधी ओळख वाढवली असती, अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग पाहिलं असतं, मग प्रश्न विचारला असता.

तुमच्या स्वतःच्या घराण्याचं मूळ शोधायचं तर रस्ता कागदांचा आहे. कुलदैवत कुठलं आणि वर्षासन (देवस्थानाला दरवर्षी दिली जाणारी रक्कम) कुठे जात होतं हे घरात विचारा. दिवेकर घराण्याचा कुलवृत्तांत निघाला आहे का पहा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या विसरू नका, तिथे पणजोबांची सही निघाली तर मूळ गावही सापडतं. तहसील कार्यालयात जुने फेरफार आणि कोतवाल बुकं पहा. आणि सगळ्यात आधी, वडीलधाऱ्यांकडून हे नक्की करून घ्या की मूळ गाव खरंच दिवेआगर आहे की दुसरं कुठलं दिवे.